पसरणी घाटातलं मिसिंग : पॉइंटवाली बुलेट नेणाऱ्यांसाठी

पुणे, खंबाटकी, सुरूर फाटा, वाई, पसरणी घाट, महाबळेश्वर, मग आंबेनळी उतरून पोलादपूर. गाड्या तीन, तिन्ही कास्ट आयर्न बुलेट ३५०, म्हणजे ठिणगीसाठी उघडझाप करणारे पॉइंट असलेल्या जुन्या इंजिनाच्या.

वाईपर्यंत तक्रार नव्हती. पसरणीच्या मध्यावर एका गाडीत मिसिंग सुरू झालं. दुसऱ्या गिअरवर थ्रॉटल उघडला की सायलेन्सरमधून फटाके आणि ओढ गायब. पंधरा मिनिटं थांबलं की पुन्हा ठणठणीत.

अशा वेळी हात आधी कार्बोरेटरकडे जातो, तो आवरा. थांबल्यावर सुधारणाऱ्या दुखण्याची नेहमीची कारणं दोन. टाकीच्या झाकणाचं छिद्र बुजलं की आत हवा शिरत नाही आणि पेट्रोल उतरायचं थांबतं. झाकण सैल करून किलोमीटरभर चालवा, लगेच कळतं. इथे फरक पडला नाही. राहिलं दुसरं : तापल्यावर दगा देणारा कंडेन्सर (पॉइंटवरची जादा ठिणगी शोषणारी छोटी डबी) किंवा कॉइल (प्लगसाठी व्होल्टेज वाढवणारी).

पॉइंट ज्यात असतात त्या सिलिंडरमागच्या डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढा आणि इंजिन चालू ठेवून, सावली धरून पॉइंटकडे बघा. बारीक निळसर ठिणगी चालते. मोठी, पिवळट-पांढरी ठिणगी सतत उडत असेल तर कंडेन्सर गेला. इथे तोच गेला होता. रस्त्यावर नवा आत बसवत बसू नका. जुन्याची वायर सोडवा, नव्याची बॉडी इंजिनच्या स्वच्छ बोल्टखाली घट्ट दाबा, वायर पॉइंटच्या टर्मिनलला जोडा. बाहेर तो गारही राहतो.

पण इथे थांबलात तर दुखणं परत येईल. पॉइंटची टाच झिजून गॅप (पॉइंट उघडल्यावरची फट) जेमतेम ०.२ मिमी उरला होता, कारण टाच जिच्यावर घासते त्या कॅमला ग्रीस नव्हतं. गॅप मिटला की पॉइंट उशिरा उघडतात, टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) मागे जातं आणि चढावर इंजिन भट्टीसारखं तापतं. प्लग काढून, चौथ्या गिअरवर मागचं चाक फिरवून पॉइंट पूर्ण उघडा आणि गॅप ०.३५ ते ०.४० मिमी ठेवा. पॉलिश पेपर मारला असेल तर पेट्रोलने पुसा, नाहीतर भुकटी करंट अडवते. कॅमला ग्रीस अगदी थेंबभर. जास्त झालं तर उडून पॉइंटवरच बसतं. गॅप बदलला की टायमिंगही बदलतं, ते घरी पोचल्यावर तपासा : अ‍ॅडव्हान्स (वेगाबरोबर ठिणगी लवकर पाडणारी यंत्रणा) पूर्ण मागे असताना पॉइंट उघडायला हवेत पिस्टन टीडीसीच्या, म्हणजे त्याच्या सर्वांत वरच्या जागेच्या, ०.८ मिमी आधी. अँमीटरचा काटा शून्यावर परततो तोच उघडण्याचा क्षण.

महाबळेश्वर सुमारे १,३७० मीटरवर आहे. तिथे हवा विरळ, म्हणून प्लग थोडा काळा दिसेल. त्यासाठी कार्बोरेटरचा जेट (पेट्रोल मोजून सोडणारं छिद्र) बदलू नका. आयडलिंग फारच खराब असेल तर एअर स्क्रू पाव फेरा बाहेर काढा आणि पोलादपूरला पुन्हा आत घ्या.

सोबत कंडेन्सर, पॉइंट सेट, प्लग आणि फीलर गेज (गॅप मोजायच्या पट्ट्या) हवेच. पावसाळ्यात आंबेनळीत दरडी कोसळतात, रस्ता चालू असल्याची खात्री महाबळेश्वरलाच करा.