टॅबमधला कॉम्प्युटर आणि माझा प्रिंटर

दुकानातला डेस्कटॉप २०१६ सालचा. लग्नपत्रिका, हँडबिलं, वाढदिवसाचे बॅनर, सगळं त्याच्यावरच. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि विंडोज ११ काही या मशीनवर चढेना. प्रोसेसर जुना म्हणे. धडधाकट मशीन भंगारात घालायला जीव होईना. भाचा म्हणाला, "मामा, विंडोजच्या जागी लिनक्स मिंट टाकू या, फुकटातली सिस्टिम आहे." म्हटलं, आधी बघू तर दे. ऐन सीझनमध्ये दुकान बंद ठेवून प्रयोग कोण करणार?

त्यानं डिस्ट्रोसी नावाची साइट उघडली, अशा लिनक्स सिस्टिम ब्राउझरमध्येच चालवून बघायची. मिंट निवडायचं, रांगेत जरा थांबायचं, की टॅबमध्येच अख्खा डेस्कटॉप हजर. खरं मशीन त्यांच्या सर्व्हरवर चालतं, आपल्याकडे नुसतं चित्र येतं. म्हणून माउस थोडा मागे रेंगाळतो. मी उगाच मिंटला मठ्ठ म्हणत बसलो होतो.

माझी परीक्षा ठरलेली. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी टायपिंगचा इनस्क्रिप्ट लेआउट जोडला, वर्डसारखं लिब्रेऑफिस रायटर उघडलं आणि 'सुऱ्या, दऱ्या, तऱ्हा' टाइप केलं. शिफ्ट-जे, डी, मग य. र चा तो छोटा आडवा फराटा अगदी जागेवर बसला. तो चुकला असता तर मिंटला तिथंच रामराम.

मग भाच्यानं गंमत म्हणून व्ही८६ दाखवलं, ब्राउझरमध्ये जुने कॉम्प्युटर चालवणारी साइट. हा प्रकार उलटा. इथं सर्व्हरवर काही चालत नाही. पेंटियमच्या जमान्यातल्या प्रोसेसरचं सोंग आपला ब्राउझरच वठवतो, जावास्क्रिप्ट आणि वेबअसेंब्लीच्या जोरावर. त्यात कोलिब्री नावाची सिस्टिम आहे, १.४४ एमबीच्या एका फ्लॉपीत मावणारी. आणि विंडोज ९८! मी पहिली पत्रिका केली तेव्हाचा तोच हिरवट-निळा पडदा. माइनस्वीपर लावला, तिसऱ्या क्लिकला बाँब. सवयीनं ऑल्ट-एफ४ दाबलं, तर माइनस्वीपर बाजूलाच, अख्खा ब्राउझर बंद. शेजारच्या टॅबमध्ये समोर बसलेल्या काकूंचा अर्धा भरलेला ऑनलाइन फॉर्म होता. त्या काय म्हणाल्या ते इथं लिहीत नाही.

एवढं सगळं पाहिलं, पण मुद्द्याचं राहिलंच. त्या लांबच्या सर्व्हरला माझा प्रिंटर कुठून दिसणार? पत्रिकेचा जाड कागद हा बाबा मुळात रुसत रुसत घेतो, त्यात नवा ड्रायव्हर. शिवाय पेजमेकर या पानं जुळवायच्या जुन्या विंडोज प्रोग्राममधल्या फाइली, त्याही युनिकोड ही आताची अक्षरपद्धत येण्याआधीच्या फाँटमधल्या. त्यांच्यासाठी जुनं विंडोज नेट काढून एका कोपऱ्यात ठेवावं लागणार, असं दिसतंय.

भाचा मिंटचा पेनड्राइव्ह करून आणणार आहे. त्यावरून मशीन चालू केलं तर इन्स्टॉल न करताच प्रिंटर लावून बघता येतो, हार्डडिस्क आहे तशी राहते. तो उद्याच यायला तयार होता. मीच रविवार सांगितला. शनिवारी दीडशे पत्रिका द्यायच्यात.