बर्मीजची पुढची पुस्तकं शोधायला लंडन: जाणाऱ्यांसाठी थोडी माहिती

बर्मीजची, म्हणजे म्यानमारच्या भाषेची, सुरुवात करायला साहित्य आहे, जॉन ओकेल यांचा 'बर्मीज बाय इयर' हा ऑडिओ कोर्स तर फुकट मिळतो, पण तो संपल्यावर खरी पंचाईत होते. बोलायची बर्मीज आणि छापील बर्मीज यांचे प्रत्ययच वेगळे, बोलताना साधं वाक्य 'दे'ने संपतं तर पुस्तकात 'थी'ने, त्यामुळे गप्पा मारता येतात आणि पेपर हातात घेतला की गाडी अडते. म्हणून सुट्टी काढून लंडनला गेले ती थेट सोआसच्या (SOAS, लंडन विद्यापीठाचं आशिया-आफ्रिकेच्या अभ्यासाचं कॉलेज) लायब्ररीत.

रसेल स्क्वेअर स्टेशनपासून अगदी जवळ आहे. डेनिस लॅस्डन यांनी डिझाइन केलेली १९७३ची बिल्डिंग, मधे मोकळी जागा आणि भोवती मजल्यामजल्यावर पुस्तकं, आणि बरीचशी कपाटं उघडी असल्याने एक पुस्तक शोधताना शेजारची चार सापडतात, हा फायदा ऑनलाइन शोधात नाही. बाहेरच्यांना आत कसं घेतात ते आधी वेबसाइटवर बघा, नुसतं दारात जाऊन उभं राहू नका.

माझ्या मते सगळ्यात कामाचं पुस्तक म्हणजे ओकेल आणि अ‍ॅना अ‍ॅलट यांचा २००१चा व्याकरणरूपांचा कोश. एकेक प्रत्यय घ्यायचा, तो बोलण्यातला की लिखाणातला ते बघायचं, खालची उदाहरणं मोठ्याने वाचायची. मी दुपारभर तेवढंच करत बसले आणि वाक्यं उलगडायला लागली हो!

कॅटलॉगमधे 'अ‍ॅडव्हान्स्ड कोर्स' टाकून फारसं काही मिळत नाही. 'रीडर' (वाचनपाठांचं पुस्तक), 'न्यूजपेपर', शाळेची पुस्तकं, लोककथा असं शोधा, बर्मा आणि म्यानमार दोन्ही टाका. बर्मी नावात आडनाव नसतं, त्यामुळे 'ऊ' (U), 'डॉ' (Daw, डॉक्टर नव्हे) ही मानाची संबोधनं गाळून पूर्ण नाव टाकायचं.

तिथून ब्रिटिश लायब्ररी चालत जाण्यासारखी. तिथे बसून वाचायला लागणारा रीडर पास फुकट आहे, ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा लागतो. रीडिंग रूममधे पेन चालत नाही, पेन्सिल न्या, बॅग लॉकरमधे ठेवावी लागते. बरीच पुस्तकं यॉर्कशायरला बॉस्टन स्पामधे असतात आणि तिथून मागवावी लागतात, म्हणून काय हवंय ते निघायच्या आधीच ठरवा.

लंडन जमत नसेल तर एरिक (ERIC) या अमेरिकेच्या शिक्षणविषयक ऑनलाइन संग्रहाच्या वेबसाइटवर अमेरिकन सरकारच्या पैशातून झालेले कितीतरी जुने भाषा-कोर्स स्कॅन करून फुकट ठेवलेत, तिथे भाषेचं नाव टाकून बघा.