मायन्यापाशी अडलेलं पत्र

माझे वडील नाशिकरोडच्या प्रेसमधून रिटायर झाले. आमच्याकडे नुसतं 'प्रेस' म्हटलं की भारत प्रतिभूती मुद्रणालय समजायचं. आपली टपाल तिकिटं पूर्वी लंडनहून छापून यायची, ती १९२६ पासून इथे छापायला लागली. तर ज्या घराची चूल तिकिटांच्या जिवावर पेटली, त्या घरातल्या मुलीने पहिलं खरंखुरं पत्र लिहिलं ते बेचाळिसाव्या वर्षी.

निमित्त ऑफिसातल्या मैत्रिणीचं. तिची मावशी सावंतवाडीला असते. निवृत्त शिक्षिका, एकटी, मोबाइल फक्त आलेला फोन उचलण्यापुरता. तरुणपणी मासिकांतल्या पत्रमैत्रीच्या सदरांतून तिने चार-पाच पत्रमित्र जोडले होते म्हणे. "तुला एवढी हौस आहे तर मावशीला लिही, ती उत्तर देतेच," असं म्हणून मैत्रिणीने पत्ता दिला, आणि मी पंधरा दिवस मायन्यापाशीच अडले.

इंग्रजीत 'डिअर' लिहिलं की त्यात बँकेचा मॅनेजरही बसतो आणि आजीही. मराठीत आधी नातं ठरवा, मग पेन उचला. 'ती.' लिहावं तर ती माझी मावशी नाही. 'स.न.वि.वि.' लिहिलं तर सोसायटीच्या सेक्रेटरीला पाण्याबद्दल अर्ज केल्यासारखं वाटतं. 'प्रिय' तर मला लिहवेचना. बाबांना विचारलं. ते म्हणाले, "वर श्री काढ, उजव्या कोपऱ्यात नाशिक आणि तारीख टाक, तोवर सुचेल." सुचलं नाही. शेवटी 'बाई, नमस्कार' असं लिहिलं, शाळेत म्हणायचो तसं, आणि गाडी सुटली.

पहिलं पत्र आंतर्देशीयवर. अडीच रुपयांत कागद, पाकीट, तिकीट सगळं आलं, शिवाय जागा बेताची, त्यामुळे नवख्याला सोयीचं. पोस्टकार्ड अजूनही पन्नास पैशांत मिळतं, पण ते जाता-येता कोणीही वाचावं, आणि पहिल्याच ओळखीत मला ते नको होतं. आंतर्देशीय लिहिण्याआधी घड्या घालून बघायच्या असतात. मी बघितल्या नाहीत, म्हणून शेवटच्या दोन ओळी डिंकाखाली गेल्या. आत काही ठेवू नये असं त्यावर छापलेलं असतं, तेही बाबांनी बोट ठेवून दाखवलं तेव्हा वाचलं. सोनचाफ्याचं वाळकं फूल मुकाट्याने काढून घेतलं.

एकविसाव्या दिवशी माझंच पत्र माझ्या दारात परत आलं, पुढे-मागे शिक्के घेऊन. चूक माझीच होती. सावंतवाडीचा पिन ४१६५१०, मी घाईत ४१५ लिहिलं होतं. पहिले तीन आकडे बघून टपालाचं वर्गीकरण होतं. ४१६ मध्ये कोल्हापूर, सांगली, सिंधुदुर्ग येतात, तर ४१५ मध्ये सातारा-रत्नागिरी. एका आकड्यापायी पत्र भलत्याच वाटेला लागलं. मागच्या बाजूला स्वतःचा पत्ता टाकला होता म्हणून निदान घरी तरी आलं. बाबा रागावले नाहीत. ही पिनची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ पासूनची आहे आणि ती बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे सरकारी अधिकारी संस्कृतचे कवी होते, हे मात्र त्यांनी जेवताना दोनदा सांगितलं.

परत आलेलं पत्र उघडून वाचलं आणि ते पोचलं नाही हेच बरं झालं असं वाटलं. नाव, वय, शिक्षण, नोकरी, इंदिरानगरात राहते, एक मुलगा दहावीला. सोबत पत्रिका जोडली असती तर स्थळ म्हणून चाललं असतं. शिवाय एकही प्रश्न नाही. समोरच्या बाईने उत्तर द्यायचं तरी कशाला?

तोवर जुलै उजाडला होता आणि गोदेला पूर होता. आम्ही नाशिककर पुराचं माप नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर घेतो. गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं, अशी बातमी गावभर फिरते. पुलावर छत्री घेऊन उभी असलेली गर्दी, मारुतीच्या छातीशी आलेलं गढूळ पाणी आणि "गळ्यापर्यंत येतंय का" म्हणून पैजा लावणारे लोक, एवढंच लिहिलं. आणि शेवटी विचारलं, तुमच्याकडे पाऊस कशावर मोजतात?

हे पत्र चार पानांचं झालं, म्हणून पाकिटात घालायचं ठरवलं. साध्या पत्राला २० ग्रॅमपर्यंत पाच रुपयांचं तिकीट. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवलं तर जास्त भरलं. हिशेब केला, ७५ जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ७५ ग्रॅम वजनाचा) ए-फोर कागद पावणेपाच ग्रॅमच्या आसपास असतो, म्हणजे पाकिटासकट तीनच पानं बसतात. तिकीट कमी पडलं तर भुर्दंड पत्र घेणाऱ्याला पडतो, त्यामुळे चौथं पान काढून तिसऱ्याच्या पाठीवर बारीक अक्षरात उतरवलं. शाई पलीकडे उमटली. तेव्हापासून बॉलपेन. पत्ता तर बॉलपेननेच लिहावा, पावसाळ्यात शाईचा पत्ता पोस्टमनच्या पिशवीत पोचेपर्यंत निळा डाग होतो. आणि टाकण्याआधी पत्राचा फोटो काढून ठेवावा. उत्तर येईपर्यंत आपण काय लिहिलं होतं ते आठवत नाही, मग "तुम्ही म्हणता ते खरंच" याचा अर्थ लागत नाही.

सतराव्या दिवशी उत्तर आलं. बाईंनी मायन्यात 'चि.' लिहिलं होतं! दोन ओळींत माझं वय आणि त्यांचं नातं दोन्ही ठरवून मोकळ्या. आणि पाऊस? सावंतवाडीत म्हणे कपडे वाळायला किती दिवस लागतात त्यावर मोजतात, यंदा एक चादर चौथ्या दिवशी घडी घालण्याजोगी झाली. बाकी पत्रात त्यांचा मांजराशी चाललेला झगडा.

मधल्या वाट बघण्याच्या काळात मी पोस्टक्रॉसिंगही करून बघितलं. २००५ मध्ये पोर्तुगालमध्ये सुरू झालेला हा प्रकार. एका अनोळखी पत्त्यावर तुम्ही कार्ड पाठवायचं आणि तिसऱ्याच कोणाकडून तुम्हाला कार्ड येणार. नाशिकची चित्रकार्डं कुठे मिळेनात, म्हणून घाटाचा स्वतः काढलेला फोटो कार्डावर छापून जर्मनीला पाठवला. घरचा न देता ऑफिसचा पत्ता दिला, अनोळखी माणसाशी व्यवहार असताना तेवढं भान ठेवावं. मजा आली, पण त्याला पत्रमैत्री मी म्हणणार नाही. तिथे पोच मिळते, मांजर मिळत नाही.

आता बाईंशी सहावं पत्र चालू आहे. त्यांचं पत्र आलं की मी पेन्सिलीने प्रश्नांखाली रेघा मारते आणि वहीत त्या-त्या दिवसाचं काहीबाही टिपत जाते, म्हणजे बसल्यावर डोकं खाजवावं लागत नाही. बाबांनी गेल्या पत्राला ता.क. जोडला, तिकीट सरळ लावत जा असं मला सांगण्यासाठी. तो बाईंनीही वाचला असणार.

यावेळी त्यांचा प्रश्न आहे, द्राक्षबाग फुलोऱ्यात असते तेव्हा तिला वास येतो का? ऑक्टोबर छाटणीनंतरचा फुलोरा सध्या आहे, आणि मी जन्मापासून नाशिकची असून मला सांगता येईना. बाबाही गप्प. रविवारी दिंडोरीकडे ऑफिसातल्या एकाच्या मळ्यावर जाऊन येणार आहे, तोवर पत्र तिसऱ्या परिच्छेदात थांबलंय.