मिशन मेळावा आणि नाशिकची मुलं

नाशिकचा शरणपूर रोड म्हटलं की आता लोकांना दुकानं, दवाखाने आणि सिग्नलपाशी साचलेली वाहनं आठवतात. आमच्या ख्रिस्ती मंडळीतल्या जुन्या माणसांना त्याच रस्त्यावरून टेम्पो भरून येणारा रांगडा कांदा आठवतो, कारण तो मिशन मेळाव्याला यायचा. देशाबाहेरच्या सुवार्ताकार्यासाठी लोकांनी दान म्हणून आणलेल्या मालाचा लिलाव करून पैसे जमवायचे, तो हा मेळावा, जानेवारीच्या शेवटच्या रविवारी. ६ जानेवारीला प्रकटीकरणाचा सण होऊन गेलेला असतो, पूर्वेकडून बाळ येशूच्या दर्शनाला आलेल्या मागी लोकांचा बायबलमधला उतारा नुकताच वाचून झालेला असतो, तेव्हा देशाबाहेरच्या सुवार्ताकार्याची आठवण त्याच दिवसांत करावी हे ठीकच. पण खरं कारण शेतीचं आहे. त्या सुमारास द्राक्षांची खुडणी सुरू असते, रांगडा निघत असतो, लोकांच्या हातात देण्यासारखं काही असतं. हाच मेळावा जूनमध्ये ठेवला तर लिलावाला नुसत्या छत्र्या येतील.

सकाळची उपासना झाली की लगेच लिलाव. द्राक्षं दोन-दोन किलोंच्या खोक्यांत मांडायची, आणि ती मंडपाच्या उत्तरेच्या बाजूला, सावलीत. कुणीतरी हौसेने घड धुऊन चकाचक करून आणतो, तो पहिला घोटाळा. पाणी लागलं की मण्यांवरची पांढरी झाक जाते, माल शिळा दिसतो आणि बोली चढत नाही. दुसरा घोटाळा उन्हाचा. खोकं तासभर उन्हात राहिलं तर देठ सुकतात आणि घड उचलताच मणी गळायला लागतात. कांद्याची अख्खी गोणी कधी बोलीला लावू नये. पन्नास किलो कांदा भाड्याच्या दोन खोल्यांत ठेवणार कुठे? गोणी फोडून पाच-पाच किलोंच्या पिशव्या केल्या की म्हाताऱ्या आजीबाईही हात वर करतात, आणि एकूण रक्कम गोणीपेक्षा जास्त होते. कोंबड्या सगळ्यांत आधी काढायच्या. पाय बांधलेली कोंबडी दुपारपर्यंत ठेवणं हे तिलाही बरं नाही आणि पाळकाच्या आभारप्रार्थनेलाही नाही.

खरी मेख वहीत असते. वस्तू, बोली, नाव, जमा असे चार रकाने पाहिजेत. आमच्याकडची रीत अशी की घेणारा पैसे भरतो आणि वस्तू पुन्हा देवाला म्हणून टेबलावर ठेवतो. तीच पपई तीनदा विकली जाते. अशा वेळी लिहिणाऱ्याने आधीचं नाव खोडून वर दुसरं लिहिलं की पहिल्याची बोली गेलीच. प्रत्येक फेरीला नवी ओळ हवी, पपई एक असली तरी. पावती तिथल्या तिथे फाडायची आणि पैसे जेवणाआधी घ्यायचे. माणूस भरल्या मांडवात मोठी बोली लावतो आणि सोमवारी त्याच आकड्याकडे बघून गप्प होतो. यात लबाडी फार थोडी असते. उत्साह आणि खिसा यांची भेट झालेली नसते, इतकंच. खजिनदारांनी अशा उधाऱ्या चारचौघांत वाचून दाखवू नयेत, हे माझं ठाम मत. वाचून दाखवलं की पैसे येतात आणि माणूस यायचा थांबतो.

दुपारी मसालेभात, वांग्याची भाजी, जिलबी. त्याबद्दल लिहिण्यासारखं एवढंच की पंगत लांबली की कीर्तन लांबतं.

कीर्तन ही त्या दिवसाची शान. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी (१८६१–१९१९) अभंग आणि कीर्तन मराठी ख्रिस्ती उपासनेत असं रुजवलं की आता त्यात कुणाला वेगळं काही वाटत नाही. दीड तासाचं कीर्तन असेल तर नमनाला पाच मिनिटं, पूर्वरंगाला, म्हणजे निरूपणाला, अर्धा तास, मधल्या गजराला दहा मिनिटं आणि उरलेला वेळ उत्तररंगाला, म्हणजे आख्यानाला, हे गणित बसवून घ्यावं. बुवा पूर्वरंगातच रमले की आख्यानाच्या वेळी मुलं झोपलेली असतात. पेटीचा सूर बुवांच्या गळ्याला काळी चारवर बरा वाटला तरी मंडळीला तो झेपत नाही, धृपदाला निम्मी माणसं नुसते ओठ हलवतात. दोन पट्ट्या खाली घेतलं की सगळे गातात. जानेवारीतल्या कोरड्या हवेत मृदंगाच्या धुमेवरची (डाव्या तोंडावरची) कणीक तासाभरात वाळते, कडा सुटतात आणि घुमारा जाऊन नुसता फटफट आवाज येतो. वाजवणाऱ्याने शेजारी ओलं फडकं ठेवावं आणि गजर संपला की बोट ओलं करून कणीक दाबून घ्यावी.

पूर्वरंगाला बहुतेक वेळा बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये, अध्याय १५. पौल आणि बर्णबा या पहिल्या पिढीच्या सुवार्तिकांचा कडाक्याचा वाद होतो. वाद तत्त्वाचा नाही, माणसाचा आहे. त्यांचा सोबती मार्क पहिल्या सुवार्ताफेरीत पंफुल्या प्रांतातून अर्ध्यावर घरी परतला होता. पौल म्हणतो, त्याला पुन्हा नको. बर्णबा म्हणतो, घेऊ या. दोघे वेगळे होतात, बर्णबा मार्कला घेऊन कुप्रास (सायप्रसला) जातो. पहिल्या पिढीच्या मिशनकार्यात भांडण झालं आणि ते पुस्तक लिहिणाऱ्या लूकने ते झाकून ठेवलं नाही. पुढे तोच पौल आपल्या सहकाऱ्याला, तीमथ्याला, लिहितो की मार्कला सोबत घेऊन ये, तो सेवेसाठी मला उपयोगी आहे. मधल्या वर्षांत मार्क कसा सावरला याची हकीकत शास्त्रात नाही. कीर्तनकाराने तीही स्वतःच्या पदरची घालू नये.

उत्तररंग आमच्या गावचा. १८५० च्या दशकात इंग्लंडच्या चर्च मिशनरी सोसायटीच्या विल्यम सॉल्टर प्राइस यांनी शरणपूर ही ख्रिस्ती वसाहत वसवली. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून गुलाम म्हणून नेली जाणारी माणसं इंग्रजांच्या आरमाराने जहाजांवरून सोडवली, त्यांतली काही मुलंमुली इथे आली. शाळेबरोबर सुतारकाम, लोहारकाम शिकली. पुढे यांतलीच काही आफ्रिकेत परत गेली. नाशिकहून परदेशी कार्याला गेलेल्या पहिल्या माणसांत ही मुलं येतात.

१८६६ मध्ये स्कॉटिश मिशनरी आणि प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन आफ्रिकेच्या शेवटच्या प्रवासाला निघाला तेव्हा या शाळेतले नऊ जण त्याच्याबरोबर होते. हे आख्यान गोड करून सांगायचा मोह फार होतो, आणि तिथेच ते बिघडतं. नऊच्या नऊ शूर नव्हते. शाळेत वाढलेल्या मुलांना रोजची चाल झेपेना, कुरबुरी झाल्या, एक जण वाटेत आजाराने गेला. १८६८ मध्ये बरोबरच्या बऱ्याच माणसांनी पुढे यायला नकार दिला. लिव्हिंग्स्टनने त्या पळपुट्यांना पुन्हा कामावर घेतलं आणि रोजनिशीत लिहिलं की ही माणसं चालून चालून थकली होती, मीही थकलोय, आणि दोष माझ्यातही आहेत. मेळाव्यात हे वाक्य वाचलंच पाहिजे. काही कीर्तनकार ते गाळतात, कारण नायकाला कमीपणा येतो म्हणे. मला उलट वाटतं. निर्दोष मिशनरीची कथा ऐकून समोरचा पोरगा मान डोलावतो आणि मनात म्हणतो, हे आपलं काम नव्हे.

त्या नवांपैकी गार्डनर आणि मब्रुकी शेवटपर्यंत राहिले. १८७२ मध्ये शाळेतले आणखी काही जण जाऊन मिळाले, त्यात जेकब वेनराइट. १ मे १८७३ ला चितांबोच्या गावी, आजच्या झांबियात, लिव्हिंग्स्टन वारला. काळीज तिथेच झाडाखाली पुरलं, जेकबने दफनविधीची प्रार्थना वाचली आणि झाडावर नाव कोरलं. देहात मीठ भरून तो चौदा दिवस उन्हात वाळवला, कापडात आणि झाडाच्या सालीत गुंडाळला, आणि लिव्हिंग्स्टनचे जुने आफ्रिकी सोबती सुसी, चुमा व बाकीच्यांनी तो हजार मैलांहून जास्त वाटचाल करून किनाऱ्यावर बागामोयोला पोचवला. १८ एप्रिल १८७४ ला लंडनला वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेमध्ये दफन झालं, तेव्हा खांदेकऱ्यांत जेकब होता.

हा प्रसंग रविवारशाळेची मुलं करून दाखवतात. चटई गुंडाळून बांबूला बांधायची. बांबू सात फुटांच्या वर नको, नाहीतर वळताना मांडवाच्या खांबाला अडकतो. पुढचा आणि मागचा मुलगा एका उंचीचे हवेत, नाहीतर चटई घसरत उतरत्या बाजूला जाते, मधोमध दोरीचे दोन वेढे दिले तरीही. ती घसरली की सभा हसते आणि मुलं अजून जोरात चालू लागतात. हसू द्यावं. दरडावणाऱ्या वडीलधाऱ्यांना मागच्या ओळीत बसवलेलं बरं.

वेळ उरला तर विल्यम जोन्स. तोही नाशिकचा. प्राइस यांनी १८७५ मध्ये आजच्या केनियात, मोंबासाजवळ, मुक्त गुलामांसाठी फ्रेअरटाउन वसवलं, तिथे आणि जवळच्या राबाई या मिशनठाण्यावर नाशिकची माणसं शिक्षक, सुवार्तिक म्हणून कामाला होती. जोन्सला १८८५ मध्ये पाळकीय सेवेची दीक्षा मिळाली. पूर्व आफ्रिकेचे बिशप हॅनिंग्टन त्याच वर्षी युगांडाच्या वाटेवर मारले गेले, त्या प्रवासात तो बरोबर होता आणि उरलेल्यांना घेऊन राबाईला परतला. मालकांकडून पळालेल्या गुलामांना त्याने राबाईत आसरा दिला, त्यावरून मोठा पेच झाला आणि १ जानेवारी १८८९ ला चौदाशेच्या आसपास माणसांना मुक्ततेचे दाखले मिळाले. गोरे मिशनरी नाशिकच्या या माणसांना अनेकदा बरोबरीने वागवत नसत, हेही त्याच आख्यानात यावं. मिशनच्या इतिहासातली ती खोट लपवून जोन्सचं मोठेपण सांगता येत नाही.

कीर्तनानंतर बाहेर जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी एक टेबल मांडलेलं असतं. तिथे भावना कमी आणि कागद जास्त. केनियाला जायचं तर पीतज्वराची (यलो फीव्हरची) लस निदान दहा दिवस आधी, सरकारमान्य केंद्रातच. प्रमाणपत्र २०१६ पासून आयुष्यभर चालतं, पण ते नसेल तर परतताना विमानतळावर सहा दिवसांपर्यंत अडकवून ठेवतात. पासपोर्टवरचं आणि बाप्तिस्म्याच्या दाखल्यावरचं नाव जुळत नसेल तर ते आधी निस्तरायचं. लिलावाचे पैसे कुणाच्या खिशात घालून पाठवायचे नाहीत. आपल्याकडच्या धर्मादाय न्यासाने देशाबाहेर केलेला खर्च आयकराच्या सवलतीत धरायचा तर केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाची मंजुरी लागते, आणि ती नसताना पाठवलं की हिशेबनीस वर्षभर कपाळाला हात लावून बसतात. म्हणून मेळाव्याची जमा बहुतेक वर्षी इथेच, जाणाऱ्याच्या प्रशिक्षणावर आणि त्याच्या मागे राहिलेल्या घरावर खर्च होते.