तुम्ही विचारलंत म्हणून: किडनी बदलल्यावर किती दुखतं?

डायलिसिसवर असलेल्यांच्या घरचे भेटले की इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर हळूच विचारतात, "ऑपरेशननंतर फार दुखतं का हो?"

दुखतं. पण लोकांना वाटतं तिथे, पाठीत नाही. नवी किडनी ओटीपोटात, जांघेच्या जरा वर बसवतात. जुन्या बहुधा जागच्या जागीच राहतात. नवीच्या रक्तवाहिन्या आणि मूत्रनलिका जोडतात, मज्जातंतू जोडत नाहीत. म्हणून किडनी दुखत नाही, दुखतो तो पोटावरचा छेद. सुरुवातीचे दिवस खोकला आला की जीव मुठीत धरावा लागतो. आमच्या सिस्टरनी उशी टाक्यांवर घट्ट दाबून खोकायला शिकवलं, आणि त्यानं खरोखर फरक पडतो.

वेदनाशामक औषध म्हणजे लाड, असं आपल्याकडे अजूनही मानतात. ते डोक्यातून काढा. दुखतंय म्हणून माणूस वरवर श्वास घेतो, कफ साठतो, न्यूमोनिया व्हायला वेळ लागत नाही. चाललं नाही तर पायात रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात. सिस्टर शून्य ते दहा आकडा विचारतात तेव्हा आठ असेल तर आठच सांगा. औषध निवडणं हे त्यांचं काम. किडनी अजून पुरती चालू झाली नसेल तर मॉर्फिनचे अंश शरीरात साठतात, म्हणून पुष्कळ ठिकाणी फेंटानिल देतात.

आता जे कुणी विचारत नाही ते. मला किडनी आईनं दिली, आणि माझ्यापेक्षा जास्त तिला दुखलं. मी आजारी होतो, नवी किडनी चालू झाली तसा मला दिवसागणिक हुरूप येत गेला. ती धडधाकट चालत आली होती आणि खाटेवर पडली. दुसऱ्या दिवशी मला म्हणाली, "पोट कापलं, मग खांदा का रे दुखतोय?" दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये पोट फुगवायला कार्बन डायऑक्साइड भरतात. त्यानं श्वासपटलाला त्रास होतो आणि कळ खांद्यात उठते. दोन-तीन दिवसांत ती ओसरते. पण डॉक्टर राउंडला आले की आई "मला काही नाही, त्याच्याकडे बघा" एवढंच बोलायची. शेवटी मीच सिस्टरना सांगितलं. दात्याच्या खाटेशी घरातलं कुणीतरी बसलंच पाहिजे, असं मला फार मनापासून वाटतं.

घरी आल्यावर खरी जपणूक सुरू होते. गुडघा, कंबर, डोकं, काहीही दुखलं की आपण मेडिकलमधून गोळी आणतो. प्रत्यारोपण झालेल्यानं ते बंद करायचं. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, ऍसिक्लोफिनॅक या गोळ्या किडनीत रक्त आणणाऱ्या वाहिन्या आवळतात. शरीरानं नवी किडनी नाकारू नये म्हणून घ्यायचं टॅक्रोलिमस हे औषधही तेच करतं. दोन्ही एकत्र म्हणजे एकुलत्या किडनीचं रक्त तोडणं. कॉम्बिफ्लाममध्येही आयब्युप्रोफेन असतं, नाव पाहून फसू नका. साधं पॅरासिटामॉल बहुतेकांना चालतं, तेही डॉक्टरांनी सांगितलेल्या मापात. दाताच्या डॉक्टरकडे गेलात तर चिठ्ठी लिहायच्या आधीच प्रत्यारोपणाचं सांगा.

आणखी एक. टाके भरून आल्यावर नव्या किडनीच्या जागी हात लावताच दुखायला लागलं, लघवी कमी झाली, वजन एकदम वाढलं, पाय सुजले, तर गोळी घेऊन झोपू नका. शरीर किडनी नाकारू लागलं असेल किंवा जंतुसंसर्ग असेल. स्टेरॉइडमुळे ताप दबून राहतो, म्हणून तापाची वाट पाहत बसण्यात अर्थ नाही. पुष्कळदा नाकारणं काहीही न दुखता होतं आणि फक्त रक्तातल्या क्रिॲटिनिनच्या तपासणीत कळतं, तेव्हा "आता काही दुखत नाही" म्हणून तपासणी चुकवायची नाही. ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटरचा नंबर घरातल्या सगळ्यांच्या मोबाइलमध्ये असू द्या. रात्री दोन वाजताही फोन लावायला संकोच करू नका.