‘एकट्याने बनवलेला’ गेम आणि आईचे ९० दिवस

परवा रात्री स्टीमवरचं (कॉम्प्युटर गेम विकणारी वेबसाइट) माझ्या गेमचं पान शेवटचं म्हणून नजरेखालून घालत होतो. बायको कपड्यांची टोपली घेऊन मागून चालली होती, ती थांबली आणि स्क्रीनवरची ओळ मोठ्याने वाचली, "नोकरी आणि घर सांभाळून एका माणसाने एकट्याने बनवलेला पतंगांचा गेम." मग म्हणाली, "एकट्याने का? बरं." आणि तळघरात निघून गेली. चिडली असती तर परवडलं असतं, भांडून मोकळे झालो असतो, पण लाँड्रीचा आमचा नंबर सातचा होता आणि इथे बिल्डिंगच्या लाँड्रीत बुक केलेल्या वेळेपेक्षा दहा मिनिटं जरी उशिरा कपडे काढले तरी दारावर चिठ्ठी चिकटते, निनावी, अतिशय सभ्य भाषेतली आणि वाचून रात्रभर झोप लागणार नाही अशी. असो, लाँड्रीवर कधीतरी वेगळं लिहीन.

तेव्हापासून ते "बरं" डोक्यातून जात नाहीये.

स्वीडनमधल्या मालमोत येऊन आम्हाला सहा वर्षं झाली. दिवसा मी एका कंपनीसाठी गोदामांचं सॉफ्टवेअर लिहितो, गेमशी काही संबंध नाही. २०२२ पासून रात्री हा गेम. लेक साडेआठला झोपते, नऊ ते साडेअकरा माझे. तीन वर्षं हे चाललंय, आठवड्यातून पाच रात्री तरी. त्या वेळात बायको काय करायची असं विचारू नका, मी पण कधी विचारलं नव्हतं.

आता इथल्या कायद्यांचं कौतुक करतो, आधीच सांगतो की जरा जास्तच करणार आहे, कारण पहिल्यांदा अनुभव आला तेव्हा मी अक्षरशः हादरलो होतो. लेक पाळणाघरात जायला लागली आणि पहिल्याच हिवाळ्यात दर पंधरा दिवसांनी ताप. मी साहेबांना तीन परिच्छेदांची मेल लिहिली, क्षमस्व, अपरिहार्य कारणास्तव वगैरे, आपल्याला शाळेत रजेचा अर्ज शिकवलाय तशी. उत्तरात फक्त एक अंगठा आला. इथे याला 'वाब' म्हणतात, मूल आजारी असेल तर आई किंवा बाप घरी राहतो आणि पगाराच्या ऐंशी टक्क्यांच्या आसपास रक्कम सरकारी विमा देतो (वरची मर्यादा आहे, पण तरी), एका मुलामागे वर्षाला १२० दिवसांपर्यंत. फेब्रुवारीत पोरं इतकी आजारी पडतात की लोक त्या महिन्याला गमतीने 'वाब्रुआरी' म्हणतात. माझा साहेब स्वतः सकाळी मेसेज टाकतो, आज वाब, आणि मीटिंग रद्द. कुणी "घरात दुसरं कोणी नाही का" असं विचारत नाही. वाबच्या दिवशी काम करायचं नसतं, स्वतःचं सुद्धा नाही, त्यामुळे पोरगी तापात झोपलेली असताना मी गेम उघडला नाही असंच इथे लिहितो.

सहावीत मला टायफॉइड झाला होता तेव्हा बाबा नाशिकच्या सातपूरमधल्या वर्कशॉपवरून रात्री दहाला यायचे. ऑर्डर होती, लेथ बंद ठेवता येत नव्हतं. पण यायचे ते मोसंबी घेऊन आणि एकेक फोड सोलून द्यायचे, मी अर्धवट झोपेत असायचो. त्याला बॅलन्स बिलन्स म्हणत नव्हतं कोणी. तेव्हा नाशिककरांना पोराबाळांचं काही नसतं असं कृपया वाटून घेऊ नका, दहाला आले पण सोलून दिलं ना.

तर कायदे. दुसरा कायदा कळला तो कँटीनमध्ये, कॉफी पिताना. स्वतःचा धंदा करून बघायचा असेल तर नोकरदाराला सहा महिन्यांपर्यंत बिनपगारी रजा मागण्याचा हक्क आहे, १९९७ सालचा कायदा आहे तसा. मालकाच्या धंद्याशी स्पर्धा नको, त्याची फार मोठी अडचण व्हायला नको आणि तीन महिने आधी सांगायचं. सहा महिन्यांनी परत या, खुर्ची तिथेच. मी दोनदा विचारलं, खरंच का? सहकारी म्हणाला, हो, त्यात काय. ते 'त्यात काय' मला फार लागलं. आपल्याकडे नोकरीतल्या माणसाने गेम बनवतो म्हटलं की आधी घरचे, मग मामा, मग सोसायटीचे सेक्रेटरी बैठक घेतात. मी रजा घेतल्याचं फोनवर सांगितलं तर बाबांचा पहिला प्रश्न, "काढून टाकलं का?" आणि मी नाही म्हटल्यावर दुसरा, "मग परत घेतील कशावरून?"

(पुण्यात राहून लोकांनी 'राजी' हा गेम बनवलाच की २०२० मध्ये, आपल्या पुराणकथांवरचा, जगभर गेला. म्हणजे परदेशात गेल्याशिवाय होत नाही असं काही नाही. मला नाशकात जमलं नसतं एवढंच, आणि तो दोष माझा का नाशिकचा, हे माझं मलाच नीट ठरवता येत नाही.)

रजा फेब्रुवारीपासून घेतली. फेब्रुवारीपासून! वर वाब्रुआरी लिहिलंय ना, तेच झालं. आता वाबचे पैसे नाहीत कारण रजाच बिनपगारी, बायकोच्या एका पगारावर घर, तिच्या सुट्ट्या संपत आलेल्या, पोरगी आठवड्याआड घरी. पाळणाघर नीट चाललं तरी साडेतीनला आणायला जायचं. इथे चार वाजता ऑफिसं रिकामी होतात ती याचसाठी, सगळे बाप पोरं आणायला पळतात, बघून छान वाटतं. पण तीच गोष्ट उलटून सांगायची तर साडेतीन ते साडेआठ ते मूल तुमचंच, पूर्णपणे तुमचं. कायदा सहा महिने देतो, पण दोन तास पोरीला बघ गं म्हणून हाक मारावी अशी समोरच्या दारातली काकू देत नाही. नाशिकच्या इंदिरानगरला आमच्याकडे ती काकू होती, मला कडेवर घेऊन तिने अख्खी दिवाळी केलीय. इथले शेजारी फार चांगले आहेत, सहा वर्षांत त्यांना एकदाही त्रास दिलेला नाही आणि त्यांनीही नाही.

एप्रिलपर्यंत अडीच महिन्यांत गेमचं काम झालं असेल तीन आठवड्यांचं. मग मी केलं ते आपण सगळे करतो. आईला फोन.

आई ९० दिवसांसाठी आली, शेंगेन व्हिसावर तेवढेच मिळतात. लोक विचारतात बाबा का नाही आले, तर शॉप. बाबांनी तीन महिने मेसचा डबा खाल्ला. इतर स्टुडिओ फंडिंग घेतात, माझं फंडिंग ते.

आईने आल्या आल्या आठवडाभरात घर ताब्यात घेतलं. तिची एकच अडचण होती, दिवेलागणी. जूनमध्ये इथे सूर्य रात्री दहाच्या सुमाराला मावळतो, देवापुढे दिवा कधी लावायचा? दोन-तीन दिवस जागी राहिली, मग म्हणाली हे काही खरं नाही, आणि नाशिकच्या सातला, म्हणजे इथल्या दुपारी साडेतीनला दिवा लावायला लागली. दिवा लावायचा, चपला घालायच्या आणि नातीला आणायला निघायचं. पाळणाघरातल्या बाईंशी ती मराठीत बोलायची आणि त्या स्वीडिशमध्ये, आणि मला रोज सविस्तर वृत्तांत मिळायचा, काय खाल्लं, कुणाला चावली. हे कसं व्हायचं मला आजही माहीत नाही.

आणि मी आतल्या खोलीत, दार लावून, सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा. गेम खरं म्हणजे त्या ९० दिवसांत झाला.

पण नुसतं पोरगी सांभाळली असं नाही. आईचं माहेर येवलं. ज्यांना येवल्याची संक्रांत माहितीये त्यांना पुढे काही सांगायला नको, भोगी, संक्रांत, कर असे तीन दिवस अख्खं गाव धाब्यावर, म्हणजे गच्चीवर, हलकडीचं वाद्य वाजतंय, प्रत्येकाच्या हातात आसारी, म्हणजे मांजाची फिरकी. एक दिवस ती चहा घेऊन आत आली आणि माझा पतंग बघत उभी राहिली. माझा मांजा म्हणजे ओळीने ६४ ठिपके, शेजारच्या दोन ठिपक्यांमधलं अंतर दर फ्रेमला (पडद्यावरच्या प्रत्येक चित्राला) पुन्हापुन्हा सरळ करत राहायचं, बाकी काही नाही. वारा वाढवला की तो ताणायचा. आई म्हणाली, "मांजा आहे का इलास्टिक?" मी जरा तोऱ्यात समजावायला गेलो की परफॉर्मन्ससाठी तसं ठेवावं लागतं. ती ऐकूनच घेईना. "आणि ढील दिली की तुझा पतंग खाली का पडतो रे? आधी वाऱ्याबरोबर लांब जायला पाहिजे ना. आणि पेच लागल्यावर नुसतं खेचून कापतोयस, ढील देऊन कापणारे असतात त्यांनी काय करायचं?" माझ्या गेममध्ये ढील हे बटणच नव्हतं. तीन वर्षं पतंगाचा गेम बनवत होतो आणि ढील नव्हती! नाशिकच्या गच्चीवर वाढलेला माणूस मी, पण आमच्याकडे खेचून कापायचे, निदान मी तरी, आणि बहुतेक वेळा माझाच कटायचा.

मग पुढचा महिना तेच. मांजाचं गणित एका फ्रेममध्ये जास्त वेळा फिरवलं, वजन पतंगाकडे सरकवलं, कण्णीची गाठ वरखाली करता येईल असं केलं. आई संध्याकाळी नातीला मांडीवर घेऊन कंट्रोलर हातात धरायची आणि नापास करायची. एका रविवारी रिबर्सबोर्गच्या समुद्रावर गेलो, तिने लोणच्याच्या बरणीबरोबर बॅगेतून दोन कागदी पतंग आणि एक आसारी आणली होती. मालमोचा वारा म्हणजे वारा नाही, धक्काबुक्की आहे. पहिला पतंग चढायच्या आत फाटला. दुसरा चढला. एक म्हातारे गृहस्थ कुत्रा फिरवत होते, ते थांबले आणि खुणेनेच विचारलं की हे मी धरू का, आणि आईने आसारी त्यांच्या हातात दिली आणि मराठीतून सूचना सुरू केल्या. पोरगी "गई बोला रे धिन्ना" ओरडत वाळूत पळत होती, काटाकाटीला दुसरा पतंग आकाशात नसताना. मला तेव्हा जे झालं ते लिहित नाही, वारा डोळ्यात गेला म्हणून सोडून द्या.

आई जुलैमध्ये गेली. ऑगस्टमध्ये खुर्चीवर परत, खुर्ची खरंच तिथेच होती.

आता गेल्या आठवड्यात पाळणाघराच्या दारात एका मुलाचा बाप सहज म्हणाला, तुझी आई होती तेव्हा तिला दिवस दिले होतेस का? कसले दिवस? तर २०२४ च्या जुलैपासून इथे आईबापांना आपल्या पगारी बालसंगोपन रजेतले प्रत्येकी ४५ दिवस दुसऱ्या कुणाला देता येतात, आजीला, आजोबांना, आणि त्या दिवसांचे पैसे त्यांना मिळतात. आजीने नातीला सांभाळायचे सरकारकडून पैसे! अर्थात त्यासाठी त्या माणसाचा इथला सामाजिक विमा लागतो, ९० दिवसांच्या व्हिसावर आलेल्या इंदिरानगरच्या आजीचा प्रश्नच नाही. तरी मी आईला फोनवर गंमत म्हणून सांगितलं. मला वाटलं म्हणेल, शी, नातीचे काय पैसे घ्यायचे. आई म्हणाली, "दिवसाला किती?" मी मोबाईलवर हिशोब करून रुपयांत आकडा सांगितला. जरा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "बाबांना सांगू नकोस."

हे सगळं मनात असताना ती ओळ लिहिली मी, एकट्याने. माझी बाजू ऐका. कोड माझा, चित्रं माझी, आवाज मीच रेकॉर्ड केलेत, स्टीमचे १०० डॉलर मी भरले, विक्रीतले ३० टक्के ते घेणार ते माझ्यातूनच जाणार. (गेम ज्या सॉफ्टवेअरवर बनवला ते इंजिन गोडो, ते फुकट आहे आणि हजारो लोकांनी मिळून बनवलंय, पण ते कोणीच मोजत नाही.) आणि या धंद्यात एकट्याने म्हटलं की लोक कौतुकाने बघतात, खपतो. स्टारड्यू व्हॅली या गेमचं उदाहरण सगळे देतात, एरिक बॅरोनने साडेचार वर्षं एकट्याने बनवला, २०१६ ला आला आणि कोट्यवधी खपला. त्या वर्षांत घरखर्चाचा भार त्याच्या गर्लफ्रेंडने उचलला होता हे पण छापून आलंय, पण उदाहरण देताना तेवढं गळतं. आणि लांब कशाला, पांडवलेण्यांच्या पायथ्याला फाळके स्मारकात आपण शाळेच्या सहली नेल्यात. त्र्यंबकचे दादासाहेब, १९१३, पहिला चित्रपट. सरस्वतीबाईंनी दागिने दिले, सगळ्या युनिटचा स्वयंपाक केला, वर फिल्मला भोकं पाडायची आणि धुवायची ती पण त्यांनीच. सहलीत मला फक्त कारंजं आठवतंय.

बायको लाँड्रीतून वर आली तेव्हा मी विचारलं, मग काय लिहू, तू सांग. ती म्हणाली, "आधी टॉवेलच्या घड्या घाल." घातल्या. मग लेकीला झोपवायला त्या रात्री मीच गेलो, ती सव्वानऊपर्यंत झोपली नाही, रोजच असं असतं म्हणे.

गेम संक्रांतीला, १४ जानेवारीला येतोय. ती ओळ अजून तशीच आहे, काल दोनदा खोडून पुन्हा लिहिली. आईला गेमचा नवीन बिल्ड, म्हणजे ताजी आवृत्ती, पाठवलाय, भाच्याने तिला लॅपटॉपवर लावून दिला. आज सकाळी तिचा मेसेज आला, व्हॉइस मेसेज, मागे कुकरच्या शिट्ट्या. ढील आता बरी आहे म्हणते, पण वारा पडल्यावर पतंग नुसता लटकून राहतो, खऱ्या पतंगाला अशा वेळी हातभर ओढून सोडावं लागतं, ते कुठलं बटण?