लांडगाच ना

गुरुवार, रात्री पावणेबारा

काल जेवताना मी गप्प होते म्हणून ह्याने विचारलं, काय झालं गं. म्हटलं, नाइटआइज गेला. तो क्षणभर थांबला. मग म्हणाला, "अगं, पुस्तकातला लांडगाच ना?" आणि आमटी वाढून घेतली. वाईट मनाने नाही बोलला, ते कळतं मला. तरी तेव्हापासून तेवढंच कानात बसलंय. लांडगाच ना.

हो, लांडगाच. रॉबिन हॉबबाईंच्या सोळा पुस्तकांच्या मालिकेतला. गेल्या पावसाळ्यात पहिलं उघडलं, 1995 सालचं, आणि आता सातवं संपत आलंय, 'फूल्स एरंड'. फित्झने, म्हणजे गोष्टीच्या नायकाने, ते पिल्लू बाजारातल्या पिंजऱ्यातून विकत घेतलं तेव्हा मनाशी ठरवलं होतं, जीव लावायचा नाही. शिकार शिकवायची आणि रानात सोडून द्यायचं. लहानपणी एका कुत्र्याच्या पिल्लाशी मन जोडलं होतं, ते त्याला वाढवणाऱ्या बरिचने तोडलं, त्याची धास्ती घेतलेली. पण पिल्लू कुठलं ऐकतंय. ते मनातल्या मनात त्याच्याशी बोलायचं, त्याला भाऊच मानून बसलं.

मी वाचते इंग्रजीत, पण नाइटआइज माझ्याशी मराठीतच बोलायचा. परवापर्यंत हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं. फित्झ इंग्रजीत कुढायचा, दरबारी लोक इंग्रजीत कारस्थानं करायचे, आणि लांडगा मात्र, "चल ना, किती तेच तेच उगाळत बसतोस." आवाज दादाचा. वाटणीच्या आधीचा दादा. असो.

म्हातारा झाला होता तो. सांधे धरलेले, पळताना दम लागायचा. पुस्तकाच्या सुरुवातीपासून दिसत होतं. फित्झला दिसत होतं, मलाही. तरी मी वाचत राहिले, जणू मी सावकाश वाचलं तर तो जास्त जगेल. मग एका रात्री, फित्झ शेजारीच असताना, गेला. लढाईत नाही, कुणाला वाचवताना नाही. ते पान मी तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना "आत्ता" या शब्दाशी अडकले. लांडग्यांना आत्ताचंच कळतं, असं तो फित्झला किती वेळा सांगायचा. कालच्याचं ओझं नाही, उद्याची भीती नाही. आणि आता त्याचा आत्ताच संपला.

काल रात्री फार एकटं वाटलं, खोटं कशाला बोलू. माझं दुःख मोठं की लहान हे ठरवणारे दुसरेच, असं वाटत राहिलं. कुणाला सांगावं? आत्याला सांगायला गेले तर मध्येच विचारेल, लांडगा बोलतो कसा? आणि मी समजावून सांगेपर्यंत त्यातलं सगळं निघून जाईल, गोष्ट तेवढी उरेल.

फित्झलाही कुठे सांगता येतं म्हणा. त्या राज्यात जनावराशी मन जोडणं हाच गुन्हा. सापडलं की फाशी, मग तुकडे करून पाण्यावर जाळायचं. तो तर नाव बदलून नोकराच्या कपड्यांत वावरतो. अर्धा जीव गेलेला असताना मालकाचे बूट उचलायचे. जुन्या रक्ताची, म्हणजे अशीच जनावरांशी मन जोडणारी, जी थोडी माणसं भेटतात, त्यांना कळतं. बाकीच्यांसाठी, लांडगाच ना.

आज दुपारी पुन्हा ते पान काढलं. हे पुस्तक मी फाउंटनच्या फुटपाथवरून घेतलेलं, जुनं. समासात पेन्सिलची एक उभी रेघ आहे, तीन ओळींच्या बाजूने. बोट फिरवलं तर पानामागे उठलेली लागते, इतकी दाबून ओढलेली. अख्खं पुस्तक चाळलं, दुसरी खूण नाही कुठे. नाव नाही, तारीख नाही. कुणीतरी कधीतरी इथेच थांबलं होतं. मी बराच वेळ त्या रेघेवर बोट ठेवून बसले.

मग एकदम 19 नोव्हेंबर 2023 आठवला. अहमदाबादची वर्ल्ड कप फायनल, आपण हरलो ती. हा रात्री जेवला नाही, दुसऱ्या दिवशीही कुणाशी धड बोलला नाही. आणि मी पोळ्या लाटता लाटता म्हणाले होते, "मॅचच ना." त्याने मान वर करून पाहिलं होतं माझ्याकडे. ते पाहणं आज कळलं. त्यालाही तेव्हा कुणी तरी हवं होतं, आणि मी पोळी उलटत होते.

त्याला सांगावंसं वाटतंय, पण झोपला आहे. उद्या.

आठवं पुस्तक उशाशी आहे. त्यात फित्झ सवयीने मनातल्या मनात वळून काहीतरी सांगायला जाईल आणि तिकडे कुणी नसेल, या भीतीने उघडलेलं नाही. आणखी एक भीती आहे. उघडलं आणि सगळंच इंग्रजीत ऐकू आलं तर?